टीसीएलची बादली आणि दुहेरी बाण

एफ.ई.ला अप्लाइड केमिस्ट्री हा विषय म्हणजे सबमिशनपुरता, अशी एक पक्की समजूत दरवर्षी नव्या बॅचबरोबर हॉस्टेलमध्ये दाखल होते. मेकॅनिकलवाल्याला वाटतं आपलं काम लोखंडाशी, कॉम्प्युटरवाल्याला तर पाण्याशीही काम नसतं. तरीही परीक्षा जवळ आली की मेसच्या टेबलावर, पाण्याच्या टाकीपाशी, कधी रात्री साडेअकराला कॉरिडॉरमध्ये तेच ते प्रश्न येतात. प्रश्न चांगले असतात. वाईट एवढंच की उत्तरं पाठ करून ठेवलेली असतात आणि ती बहुतेक वेळा अर्धीच असतात. त्यांतले समतोलाचे, म्हणजे इक्विलिब्रियमचे प्रश्न इथे एकत्र घेतोय. त्यातला एक प्रश्न मार्कांचा नाही, जिवाचा आहे. तो शेवटी घेतो, कारण त्याच्यासाठी आधीचे सगळे लागतात.

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न : "सर, इक्विलिब्रियम आलं म्हणजे रिॲक्शन थांबली ना?"

नाही. घरून आणलेली अमृत कोकमची बाटली बघा. तळाशी साखर साचलेली असते, वरचा पाक तृप्त झालेला असतो. बाटली महिनाभर कपाटात ठेवली तरी साखर कमी होत नाही आणि वाढतही नाही. म्हणून काही घडतच नाही असं म्हणाल, तर तळाकडे नीट बघा. सुरुवातीला बारीक रवा असलेली साखर काही आठवड्यांनी मोठ्या खड्यांची झालेली दिसेल. लहान कण विरघळत गेले आणि मोठ्यांवर साखर बसत गेली. विरघळणं आणि बसणं दोन्ही चालूच होतं, फक्त सारख्या वेगाने. लिहिताना आपण दोन उलटसुलट अर्धे बाण काढतो ते याचसाठी. एकच बाण काढला की एक्स्टर्नल मार्क कापतो, आणि बरोबरच करतो.

याला जोडून दुसरी समजूत : समतोल म्हणजे दोन्ही बाजूंचा माल सारखा. सारखे असतात ते वेग, माल नव्हे. चायनीजच्या गाडीवरचं व्हिनेगर घ्या. त्यात साधारण ५ टक्के ॲसेटिक आम्ल असतं. त्याचा के म्हणजे समतोल स्थिरांक सुमारे ०.००००१८. गणित केलंत तर दोनशेहून थोड्या अधिक रेणूंमागे एक रेणू तुटून आयन झालेला निघतो. बाकीचे सगळे अखंड. तरीही तो समतोलच आहे. पारडं कुठे स्थिरावणार ते के ठरवतो; मधोमध असलंच पाहिजे असा नियम नाही.

ही उलटसुलट जाणाऱ्या अभिक्रियेची कल्पना आली कुठून, हे पुस्तकात सहसा नसतं. बर्तोले नावाचा फ्रेंच रसायनतज्ज्ञ १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेला होता. तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठावर त्याला सोड्याचे, म्हणजे सोडियम कार्बोनेटचे थर दिसले. प्रयोगशाळेत सोडियम कार्बोनेट आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केलं की चुनखडी आणि मीठ तयार होतं, हे त्याला ठाऊक होतं. तळ्याकाठी नेमकं उलट झालेलं होतं : मीठ भरपूर, चुनखडी भरपूर, आणि त्यातून सोडा. म्हणजे कोणता पदार्थ किती आहे यावरही दिशा अवलंबून असते. पुढे १८६४ मध्ये गुल्डबर्ग आणि वागे यांनी त्याला गणिताचं रूप दिलं आणि १८८४ मध्ये ल शातेलिएने त्याचा तो प्रसिद्ध नियम मांडला. बर्तोलेचं नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळाने तो पुन्हा भेटणार आहे.

"के लिहिताना सॉलिड का सोडून देतात?" हाही दरवर्षीचा. कोकणात पूर्वी शिंपले भट्टीत भाजून चुना करत. कॅल्शियम कार्बोनेट तापलं की चुना आणि कार्बन डायऑक्साइड. आता समजा, ही भट्टी घट्ट बंद आहे आणि तापमान सुमारे ९०० अंश सेल्सिअस. आतल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण एक ॲटमॉस्फियर झाला की पुढे वाढत नाही. शिंपले एक किलो घातले काय आणि दहा किलो घातले काय (अर्थात दोन्ही वेळा थोडे शिल्लक राहिले पाहिजेत), दाब तोच. घनपदार्थाचा ढीग मोठा केल्याने त्याची घनता वाढत नाही, म्हणून तो सूत्रात येत नाही. खऱ्या भट्टीला मात्र वर तोंड असतं. वायू निघून जातो, परत यायला कोणी उरत नाही, आणि सगळ्या शिंपल्यांचा चुना होतो. बंद भांडं आणि उघडं भांडं यातला हा फरक डोक्यात पक्का बसवा.

उत्प्रेरकाबद्दल थोडक्यात. कॅटॅलिस्ट घातला की प्रॉडक्ट जास्त मिळतं, असं निम्मा वर्ग लिहितो. जास्त नाही, लवकर मिळतं. जाण्याचा रस्ता सोपा केला तर येण्याचाही तेवढाच सोपा होतो, के तिथेच. उदाहरण पाठ्यपुस्तकातलंच, पण कारखाना आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला : अलिबागजवळ थळला आरसीएफ नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनवते. ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते, म्हणजे ल शातेलिएच्या हिशोबाने थंडीत माल जास्त. पण थंडीत ती इतकी मंद की वाट बघत बसावं. म्हणून अशा कारखान्यांत लोहाचा उत्प्रेरक, ४०० ते ५०० अंश तापमान आणि शेकड्यांत जाणारा दाब अशी तडजोड करतात. एका फेरीत वायूचा थोडाच भाग अमोनिया होतो. तो थंड करून द्रवरूपात काढून घ्यायचा आणि उरलेला वायू पुन्हा फिरवायचा. ही पद्धत फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवली, बॉशने ती कारखान्यात आणली. हाबरही पुन्हा भेटेल, जरा वेगळ्या रूपात.

"के प्रचंड असेल तर रिॲक्शन जोरात होते का?" मेसच्या मागे उभे असलेले एलपीजीचे सिलिंडर बघा. गॅस आणि ऑक्सिजन यांच्या ज्वलनाचा के लिहायला पान पुरणार नाही. तरी लायटर लागेपर्यंत बर्नरवर नुसता वास. के सांगतो कुठवर जाणार, किती वेळात ते सांगत नाही. पुढे जाऊ.

आता हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लपणा, समतोलाला कसा ढकलतो ते डोळ्यांनी बघा. चमचाभर कोकमाचं आगळ ग्लासभर पाण्यात टाका. लालबुंद. त्यात चिमूट चिमूट खाण्याचा सोडा घाला. फेस येईल, लाली उतरेल आणि रंग जांभळट, निळसर, काळपटाकडे झुकेल. लिंबू पिळा, लाली परत. कोकमातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात एका रूपात असतं आणि अल्कलीत दुसऱ्या. सोलकढी सांडलेल्या शर्टाला साबण लावल्यावर डाग निळा पडतो तो याचमुळे. डाग गेला असं समजू नका, त्याने फक्त रूप बदललं.

तोच डाग ब्लीचने घालवला तर? रंग जातो आणि परत येत नाही. तिथे रेणूच मोडला, म्हणून एकच बाण. (ब्लीचच्या पाण्यात लिंबू पिळून खात्री करून घ्यायची नाही. का, ते पुढे.)

तर ब्लीच. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टाकतो ती टीसीएल पावडर. टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम, उष्ण दमट हवेत टिकावी म्हणून जादा चुना घातलेली ब्लीचिंग पावडर. क्लोरीनने कापड पांढरं होतं हे १७८५ च्या सुमारास दाखवणारा माणूस आपला बर्तोलेच. कोरड्या पावडरीचं पेटंट १७९९ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंटने घेतलं. कापडगिरणीसाठी निघालेली वस्तू आज रत्नागिरीच्या विहिरीत पडते.

टीसीएल पाण्यात मिसळली की दोन भावंडं तयार होतात : हायपोक्लोरस आम्ल आणि त्याचा हायड्रोजन आयन सुटल्यावर उरलेला हायपोक्लोराइट आयन. दोघांत समतोल. हायपोक्लोरस आम्लावर विद्युतभार नसतो, त्यामुळे ते जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतं. हायपोक्लोराइटवर ऋण भार, जंतूच्या पृष्ठभागावरही ऋण भार, त्यामुळे तो बाहेरच रेंगाळतो. जंतू मारण्यात पहिला दुसऱ्याच्या कितीतरी पट तेज. कोण किती असणार ते पीएच ठरवतो. पीएच साडेसातच्या आसपास असेल तर निम्मे निम्मे. साडेसहा असेल तर नव्वद टक्के हायपोक्लोरस आम्ल. साडेआठ असेल तर ते जेमतेम नऊ टक्के. पूर्ण युनिटभरही सरकायला लागत नाही आणि औषधाचा दम निम्म्यावर येतो. पिण्याच्या पाण्याचा पीएच आठच्या खाली असावा, अर्धा तास संपर्क मिळावा आणि नंतरही लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस याच हिशोबातून येते.

या बाबतीत आपण नशीबवान आहोत. जांभ्या दगडातून झिरपलेलं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लाकडे झुकणारं असतं, कारण शतकानुशतकं कोसळणाऱ्या पावसाने त्यातले क्षार केव्हाच धुऊन नेलेत, मागे उरलेत लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. अशा पाण्यात क्लोरीन छान काम करतं.

बादलीत मात्र चित्र उलटं. टीसीएलमध्ये चुना असल्याने बादलीतलं पाणी चांगलंच अल्कधर्मी, म्हणजे जवळजवळ सगळा हायपोक्लोराइट. म्हणून बादली तशी शांत असते. तेच पाणी विहिरीत ओतलं की विहिरीचा पीएच त्याच्यावर राज्य करतो, समतोल सरकतो आणि तेज भाऊ कामाला लागतो. त्यातले काही रेणू जंतू आणि कचरा मारण्यात खर्च झाले की हायपोक्लोराइटमधून नवे तयार होतात. चालतं-फिरतं राखीव दल म्हणा ना.

हिशोब सिव्हिलवाल्यांसाठी : ३ मीटर व्यासाची विहीर, २ मीटर पाणी, म्हणजे साधारण १४,००० लिटर. चांगल्या ताज्या पावडरीचं रूढ माप हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात लगदा करायचा, मग बादलीभर पाणी घालून चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडायचं. अर्धा तास थांबून ओटी टेस्ट करायची. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. पण लक्षात घ्या, ही टेस्ट दोन्ही भावंडांची बेरीज दाखवते. त्यात तेज भाऊ किती, ते पीएच बघितल्याशिवाय कळत नाही. व्हायव्हात हे सांगितलंत तर एक्स्टर्नल चष्मा काढून बघेल.

आणि हा "ताज्या" शब्द महत्त्वाचा. आपल्या जून-जुलैच्या हवेत उघडं पोतं पंधरा दिवस राहिलं की पावडर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि क्लोरीन घालवून बसते. ट्रॉपिकल असो नाहीतर आणखी काही, कोकणच्या पावसापुढे कुणाचं चालत नाही. हा एकच बाण आहे. पोतं नंतर बांधून गेलेला क्लोरीन परत येत नाही. मग वजन ३५ ग्रॅमच भरतं, पण विहिरीत पडतो तो बराचसा खडू.

आता तो शेवटचा प्रश्न. दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी अगदी निरागसपणे विचारतं : "सर, संडासात टॉयलेट क्लीनर टाकतो आणि वरून टीसीएल टाकली तर डबल साफ होईल ना?" साफसफाई करणारी मावशीही विचारते, कारण तिला दोन्ही बाटल्या एकाच कपाटातून दिलेल्या असतात.

तिसरं भावंड अजून सांगितलं नव्हतं, ते म्हणजे खुद्द क्लोरीन वायू.

क्लोरीन + पाणी ⇌ हायपोक्लोरस आम्ल + हायड्रोजन आयन + क्लोराइड आयन

खोलीच्या तापमानाला याचा के सुमारे ०.०००४. म्हणजे क्लोरीनचं हायपोक्लोरस आम्लाशी प्रमाण काढायला हायड्रोजन आयन गुणिले क्लोराइड आयन भागिले ०.०००४. विहिरीत पीएच ७ धरा, क्लोराइड लिटरमागे ३५ मिलिग्रॅम धरा. उत्तर येतं : हायपोक्लोरस आम्लाच्या ४० लाख रेणूंमागे क्लोरीनचा एक. कुणाला त्रास होणार?

आता टॉयलेट क्लीनर. आम्लाच्या बाटलीत साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, म्हणजे जवळजवळ ३ मोलर. हायड्रोजन आयन ३, क्लोराइड आयनही ३. तीन त्रिक नऊ, भागिले ०.०००४. उत्तर साडेबावीस हजार. म्हणजे आता हायपोक्लोरस आम्लाच्या एका रेणूमागे क्लोरीनचे २२,५०० रेणू. इतक्या तीव्र द्रावणात हे सूत्र असं सरळ लावणं काटेकोर नाही, ॲक्टिव्हिटी धरावी लागते. पण २२ हजारांचे १० झाले काय आणि ५० झाले काय, आपल्या नाकाला फरक पडत नाही. ४० लाखांत एक असलेला पदार्थ जवळजवळ शंभर टक्के झाला. के तोच राहिला, पदार्थ तेच राहिले, बदलला फक्त आम्लपणा. त्यात संडासाची फरशी म्हणजे उघडं भांडं. वायू वर निघतो, समतोल त्याचा पाठलाग करत राहतो, शिंपल्याच्या भट्टीसारखा.

किती वायू? दहा ग्रॅम टीसीएल, म्हणजे एक चमचा समजा. त्यात ३० टक्के उपलब्ध क्लोरीन, म्हणजे ३ ग्रॅम, म्हणजे वायुरूपात सुमारे एक लिटर. हॉस्टेलचा संडास १.२ मीटर बाय १.५ मीटर, उंची २.४ मीटर, म्हणजे ४,३०० लिटर हवा. सगळा क्लोरीन बाहेर आला तर दहा लाखांत सुमारे २४० भाग. दहा लाखांत १० भाग हे प्रमाण जिवाला तात्काळ धोकादायक मानतात. दशांश वायू सुटला तरी मर्यादा दुपटीने ओलांडली. एका चमच्यात.

शिवाय क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीच पट जड, त्यामुळे तो जमिनीलगत साठतो, आणि आपण बसतो कुठे? २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने दीडशे टनांहून जास्त क्लोरीन वाऱ्यावर सोडला तेव्हा तो खंदकांत उतरला तो याच वजनामुळे. त्या हल्ल्याची आखणी करणारा शास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर, तोच अमोनियावाला. त्याला १९१८ चं नोबेल अमोनियासाठी मिळालं.

फक्त हायड्रोक्लोरिक आम्लच नाही, व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक आम्ल, लॅबमधून "थोडंसं" आणलेलं काहीही आम्ल, कुठलंच ब्लीचबरोबर नको. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावणही नको, त्यातून क्लोरामाइन निघतात, तेही श्वासाला वाईट. एक वापरून झालं की भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं, दुसरं दुसऱ्या दिवशी.

आणि कुणी केलंच, तर? वास आला, डोळे चुरचुरले की बाटली, बादली, मोबाइल सगळं तिथेच टाकून बाहेर. वाकून पुसत बसायचं नाही, वायू खालीच आहे. दार उघडं ठेवायचं, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, जमेल तर वरच्या मजल्यावर जायचं. वरून सोडा टाकून "न्यूट्रलाइज" करायला परत आत शिरायचं नाही, तिथे टायट्रेशन चाललेलं नाही. डोळ्यात गेलं असेल तर साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचे. छाती भरली, खोकला थांबेना, तर वॉर्डनला उठवून सरळ सिव्हिलला. रात्री बरं वाटलं म्हणून झोपून जायचं नाही. क्लोरीनने फुप्फुसात पाणी भरायला काही तास लागू शकतात.

राहता राहिलं कपाट. टीसीएल झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, कोरड्या जागी, आम्लाच्या बाटल्यांपासून वेगळ्या खोलीत. डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत नाव आणि उघडल्याची तारीख. हे या आठवड्यात प्रत्येक विंगच्या प्रतिनिधीने बघून घ्यावं, आणि मावशींना कागद चिकटवून नव्हे, तोंडाने सांगावं.